एक वाजायच्या आत एडिंबरा

अ‍ॅडव्होकेट्स क्लोज या बोळाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबू नका. इथे सगळे थांबतात, मागे वळतात आणि दोन उंच भिंतींच्या फटीतून दिसणाऱ्या सर वॉल्टर स्कॉटच्या काळपट स्मारकाचा फोटो काढतात. जहाजावर वाटलेल्या माहितीपत्रकातही तोच फोटो आहे. शेवटची बोट साडेपाचला सुटणार, आता अकरा वाजलेत आणि तुमच्याबरोबर उतरलेले निम्मे लोक किल्ल्याच्या रांगेत उभे आहेत. ती रांग तुम्ही सोडलीत हे बरं केलंत. चढत राहा.

लोखंडी कठडा संपतो आणि आधी वास बदलतो. कोळशाचा धूर, शिळी मासळी, आंबत घातलेलं धान्य आणि या सगळ्यांच्या खाली मोरी तुंबल्यावर येतो तो वास. भिंती जवळ येतात. डोक्यावर आभाळाची एक पट्टी तेवढी उरते आणि तिच्यातला उजेड संध्याकाळचा असतो. तुमच्या घड्याळात मात्र अकराच वाजलेत.

आता वळून पाहा. एकसष्ट मीटर उंचीचं स्मारक जागेवर नाही. त्याच्या खालचं वेव्हर्ली स्टेशनही नाही. ते स्कॉटच्या ज्या कादंबरीच्या नावावरून ओळखलं जातं, ती लिहून व्हायला अजून चाळीसेक वर्षं आहेत. स्टेशनच्या आणि बागेच्या जागी चिखलाची लांबलचक दरी आहे. नॉर लॉक नावाचं घाण पाण्याचं तळं इथे होतं, ते गेल्या काही वर्षांत उपसत आणलंय. दरीवर नवाकोरा पूल आहे. बांधताना एकदा कोसळून त्यानं पाच माणसं घेतली आणि गेल्याच वर्षी तो रहदारीला खुला झाला. पलीकडच्या माळावर सरळ रेघेत नव्या घरांच्या काही रांगा उभ्या राहताहेत. तारीख १४ ऑगस्ट १७७३, वार शनिवार. ज्याचं ते स्मारक, तो वॉल्टर उद्या दोन वर्षांचा होईल. त्याचा एक पाय आजारपणात अधू झालाय.

बोळ संपतो आणि तुम्ही हाय स्ट्रीटवर येता. रुंद रस्ता दिसेल अशी तुमची अपेक्षा, पण सेंट जाइल्स चर्चच्या शेजारी भर रस्त्यात दुकानांची एक उंच इमारत ठाण मांडून बसलीय आणि तिला लागून टोलबूथ, म्हणजे तुरुंग. आज तिथे फरसबंदीत दगडांचं एक हृदय बसवलेलं आहे आणि शहरातले लोक जाता-येता त्यावर थुंकतात. गाइड सांगतो की थुंकल्यानं नशीब उघडतं. तुरुंगाच्या दाराशी थुंकण्यामागे खरं कारण काय असेल, ते हा दरवाजा समोर पाहिल्यावर वेगळं विचारायला नको.

तुमच्या झिप लावलेल्या जॅकेटकडे बघत एक फाटका पोरगा पुढे येतो. हा कॅडी. गोल्फचा नव्हे, निरोप पोचवणारा, परक्याला वाट दाखवणारा, कोण कुठल्या मजल्यावर राहतो आणि कोणाकडे उधारी थकलीय हे तोंडपाठ असलेला. या शहरात कॅडींची रीतसर संघटना आहे, तिचे नियम आहेत. सामान हरवलं तर भरून देण्याची हमीसुद्धा आहे.

"पाहुणे, एक नाणं द्या, अख्खं शहर दाखवतो."

इथे कार्ड चालणार नाही. तुम्ही खिसा चाचपता आणि एक पौंडाचं नाणं त्याच्या हातावर ठेवता. तो ते उजेडात धरतो, मुखवट्याभोवतीची अक्षरं वाचतो आणि झटकन मूठ मिटतो. चार्ल्स तिसरा! सत्तावीस वर्षांपूर्वी कलोडनच्या माळरानावर ज्याचं सैन्य कापलं गेलं, तो स्टुअर्ट राजपुत्र अजून इटलीत जिवंत आहे आणि त्याचे छुपे पाठीराखे त्याला नेमकं याच नावानं राजा म्हणतात. गादीवर मात्र तिसरा जॉर्ज बसलाय. असलं नाणं खिशात सापडणं धोक्याचं.

"कुणाला दाखवू नका," पोरगा पुटपुटतो. नाणं मात्र परत देत नाही. आता तो तुमच्याशी जास्तच अदबीनं वागतो.

पहिल्यांदा त्याला जिना दाखवायला सांगा. चर्च, राजवाडा, किल्ला हे कुठल्याही शहरात बघायला मिळतं. या शहराचा खरा कारभार जिन्यात चालतो. हे गाव ज्वालामुखीच्या खडकामागे राहिलेल्या एका अरुंद डोंगरधारेवर वसलंय. माथ्यावर किल्ला, तिथून मैलभर खाली उतरत जाणारा एकच मोठा रस्ता आणि दोन्ही अंगांना तीव्र उतार. भोवती तटबंदी. माणसं वाढत गेली, जमीन वाढली नाही, मग घरं वर गेली. आठ मजले, दहा मजले, उताराच्या बाजूनं मोजलं तर त्याहूनही जास्त, आणि तेही लिफ्ट, नळ, संडास यांतलं काहीही नसताना.

गोल वळणाच्या दगडी पायऱ्या इतक्या झिजल्यात की मध्ये पाणी साचतं. भिंतीला हात लावून चढा. तळाशी मासेवाला. त्याच्यावर एका शिंप्याचं कुटुंब. तिसऱ्या मजल्याच्या दारावर दातेरी लोखंडी सळई बसवलीय, तिच्यात एक कडी. कडी वरखाली घासली की खर्रर्र आवाज होतो, हीच इथली घंटा. आत न्यायाधीश राहतात. त्यांच्या डोक्यावर एक विधवा सरदारीण आणि तिच्या अविवाहित मुली, त्यांच्यावर शाळामास्तर. अगदी वर छपराखाली चांभार, हमाल आणि सहा जणांत एक खाट. धुराचा त्रास वर, दुर्गंधीचा खाली, म्हणून मधले मजले सर्वांत महाग.

गिरगावातल्या चाळीची आठवण तुम्हाला आता आली असेलच. पण चाळीत बहुतेक बिऱ्हाडं एकाच पगाराची, एकाच घडणीची. इथे अख्खा समाज उभा रचलाय. न्यायाधीशाला कोर्टात जाताना रोज मासेवाल्याच्या टोपल्या ओलांडाव्या लागतात आणि पाणी भरून वर नेणारा माणूस अर्ध्या वाटेत सरदारिणीच्या पोरींशी बोलत धापा टाकतो. ही काही समता नव्हे. मासेवाला टोपी काढतो, न्यायाधीश काढत नाही. तरीही कोण आजारी आहे, कोणाकडे चूल पेटली नाही, कोणाचा मुलगा पुस्तकं वाचतो, हे लपून राहत नाही. ज्याला पुढे स्कॉटिश प्रबोधन म्हटलं गेलं, त्याचा मोठा वाटा ह्या दाटीला आहे असं मला वाटतं. खाली उतरलं की चार पावलांवर छापखाना, सहा पावलांवर कालवं आणि पोर्टर बिअरचं तळघर. जवळच्याच अँकर क्लोजमध्ये विल्यम स्मेलीचा छापखाना आहे. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाची पहिली आवृत्ती त्यानंच संपादित केली. तीन खंड, दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाले. काम हाती घेतलं तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

"तत्त्वज्ञ ह्यूम इथेच राहायचा, जेम्स कोर्ट नावाच्या या चौकात," कॅडी बोट दाखवतो. "दोन वर्षं झाली, पलीकडे नव्या वस्तीत गेला. जाता-येता चिखल तुडवायचा. एकदा रुतला म्हणतात कमरेपर्यंत. कोळीण चालली होती, तिला हाका मारल्या. ती म्हणाली, तू तो देव न मानणारा ना? आधी प्रार्थना म्हण, मग हात देते."

"मग?"

"म्हटली की. बुद्धिमान माणूस आहे."

ह्यूमनं सोडलेल्या त्या इमारतीत आता जेम्स बॉस्वेल हा बत्तीस वर्षांचा वकील राहतो. समोरच्या चौकातून पाहिलं तर त्याचं घर जमिनीला लागून वाटतं. मागची खिडकी उघडली तर खाली कितीतरी मजले आणि दरी. मार्गारेट बॉस्वेल चहाची तयारी करतेय. लंडनहून पाहुणा यायचाय आणि तिनं स्वतःची झोपण्याची खोली त्याच्यासाठी रिकामी केलीय. मेणबत्ती नीट जळत नसली की ती उलटी धरून गालिच्यावर मेण सांडायची या पाहुण्याची सवय तिला अजून ठाऊक नाही.

उतारानं कॅननगेटकडे चला. सराईच्या खिडकीखाली थोडं लांब उभे राहा, कारण आतून लिंबू सरबत येणार आहे. वेटरनं तेलकट बोटांनी साखरेचा खडा उचलून पेल्यात टाकला आणि लंडनच्या त्या पाहुण्यानं, डॉक्टर सॅम्युएल जॉन्सननी, तो पेला तसाच खिडकीबाहेर रिकामा केला. थोड्या वेळानं बॉस्वेल धावत येतो. मग ते दोघे हातात हात घालून चढ चढू लागतात. त्रेसष्ट वर्षांचा जॉन्सन धिप्पाड, मान हलवत, तोंडानं चमत्कारिक आवाज करत चालणारा. बॉस्वेल अभिमानानं फुललेला आणि त्याच वेळी शरमेनं अर्धमेला, कारण अंधार पडलाय आणि रस्ता घमघमतोय. या रस्त्याची रुंदी, घरांची उंची पाहुण्यानं बघावी आणि नाकानं आज रात्रीपुरतं काम थांबवावं, एवढीच त्याची इच्छा आहे. ती पुरी होत नाही. जॉन्सन त्याच्या कानाशी वाकून अंधारातल्या वासाबद्दल काहीतरी खवचट बोलतो. बॉस्वेल ते घरी जाऊन लिहून ठेवील. आपल्या फजितीची नोंद इतक्या प्रेमानं ठेवणारा माणूस दुसरा झाला नसेल.

दहाचा ढोल वाजतो. वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्याचे आवाज होतात.

"गार्डी लूऽऽ!"

खिडकीतून घाण खाली फेकायला कायद्यानं आता बंदी आहे आणि पूर्वीपेक्षा हे कमीही झालंय. पण आठव्या मजल्यावरची बाई दिवसभराची बादली घेऊन अंधारात शंभर पायऱ्या उतरणार नाही, हे नगरपालिकेलाही माहीत आहे. कॅडी ओरडतो, "हात आवरा!" आणि तुम्हाला शेजारच्या कमानीखाली ढकलतो.

कमान पेस्ली क्लोजची आहे. मागे काहीतरी सपकन रस्त्यावर आपटतं. त्यानंतरचा आवाज मात्र बादलीचा नाही.

चुन्याच्या धुळीनं घसा भरतो. तुम्ही खोकत बाहेर येता. शेजारची इमारत तिथे नाही. गॅसच्या दिव्यांच्या उजेडात दगड, तुळया, गाद्या यांचा ढीग आहे आणि एका उभ्या राहिलेल्या भिंतीवर, चार माणूस उंचीवर, शेगडीवरची किटली अजून जागेवर. २४ नोव्हेंबर १८६१, शनिवारची रात्र उलटून रविवार लागलाय. सुमारे अडीचशे वर्षांचा वाडा एका दणक्यात खाली आलाय. पस्तीस जण मेले.

कॅडी नाही. कॅडींचा जमानाच संपलाय. मघाचे न्यायाधीश, सरदारीण, मास्तर, सगळे त्या पुलावरून पलीकडे गेले. जेम्स क्रेग नावाच्या तरुणानं आखलेल्या सरळ रस्त्यांवर, एका कुटुंबाला एक घर, वेगळं दार, वेगळा जिना. सुंदर आहे ती वस्ती. दुपारी हवं तर जाऊन बघा, मी नको म्हणणार नाही. पण मधले मजले रिकामे झाले तेव्हा त्या खोल्यांत फळ्या ठोकून एकेका दिवाणखान्यात चार-चार कुटुंबं राहायला आली. आयर्लंडमधून दुष्काळानं हाकललेली, हायलँड्समधून मेंढरांसाठी जमिनीवरून काढलेली. मासेवाल्याच्या डोक्यावर आता न्यायाधीश नव्हता, त्यामुळे छप्पर गळतंय ही तक्रार ऐकून घेणारंही कुणी उरलं नाही. भाडं मात्र पलीकडच्या वस्तीत पोचत राहिलं.

तुम्हीही दगड उचलू लागता. कुणीतरी हात वर करतं आणि सगळे गप्प होतात. ढिगाखालून एका पोराचा आवाज येतोय. त्याचं म्हणणं असं की खणत राहा, मी अजून मेलेलो नाही. खणणाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. नव्यानं बांधलेल्या इमारतीच्या कमानीवर आज त्याचा चेहरा आणि त्याचं ते वाक्य दगडात कोरलेलं आहे. शेजारच्या दुकानांतून प्लेडची मफलर घेणाऱ्यांपैकी मान वर करून बघणारे थोडेच असतात.

या रात्रीनंतर शहर हललं. पुढच्याच वर्षी डॉक्टर हेन्री लिटलजॉन यांची आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. स्कॉटलंडमधली अशी पहिलीच. १८६५ मध्ये त्यांनी दाटी, पाणी आणि मृत्यू यांचा हिशेब मांडणारा जाडजूड अहवाल दिला. १८६७ मध्ये सुधारणा कायदा झाला आणि पाडापाडी सुरू झाली. रस्ते रुंद झाले. पाडलेल्या घरातली माणसं उरलेल्या घरांत शिरली.

चढावरून पुन्हा जेम्स कोर्टात या. वीस-पंचवीस वर्षं पुढे सरकलीत. बॉस्वेलचं घर १८५७ च्या आगीत गेलं, पण कोर्टाचा उरलेला भाग उभा आहे आणि त्याच्या भिंतीवर एक दाढीवाला माणूस चुन्याचा हात मारतोय. केस विस्कटलेले, बोलणं दाढीत अडकणारं आणि न थांबणारं. पॅट्रिक गेडिस. शिकलाय वनस्पतिशास्त्र. नव्या वस्तीत राहणं परवडत असताना तो लग्नानंतर लवकरच बायकोला, अ‍ॅनाला, घेऊन या गलिच्छ कोर्टात राहायला आला. अ‍ॅना खिडक्यांत फुलझाडं लावतेय. आधी शेजाऱ्यांना हे वेड वाटलं, मग दोघं-तिघं बादल्या घेऊन मदतीला आले.

त्याच्यापाशी थोडं थांबा. वस्ती सगळी पाडून रुंद रस्ता काढायचा, ह्या उपायाचा त्याला तिटकारा आहे. पडकी भिंत तेवढी काढावी, हवा यायला एक अंगण मोकळं करावं, बाकीचं दुरुस्त करावं आणि माणसं जिथल्या तिथे राहू द्यावीत, असं त्याचं म्हणणं. आणखी एक: मास्तर, विद्यार्थी, कारागीर यांनी पुन्हा एकाच जिन्यात राहावं. म्हणून त्यानं १८८७ मध्ये इथून जवळच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं आणि पुढे रॅमसे गार्डनची ती लाल-पांढरी घरं उभी केली. तिथल्या सदनिका आज कोणाला परवडतात हे विचारू नका.

हाच गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे विद्यार्थी. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची जी पाडापाडी चालली होती, तिच्याकडे तो पेस्ली क्लोजनंतरचं एडिंबरा पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहत होता. मुंबईनं त्याचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, ही चर्चा रात्री जेवणाच्या टेबलावर करा. आत्ता एक वाजायला दहा मिनिटं आहेत.

किल्ल्यापुढच्या मैदानात पोचा. उत्तरेच्या कडेला दगडी क्रूस आहे, त्याच्यावर एक हत्ती कोरलाय. स्कॉटलंडच्या वाऱ्यात हत्ती कशाला? हा ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा हत्ती. स्मारक आहे १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात पडलेल्या त्यांच्या शिपायांचं, पण हत्ती त्यांना मिळाला तो आपल्या जालन्याजवळच्या असईच्या लढाईबद्दल. २३ सप्टेंबर १८०३, समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले. पलटणीला चिन्हातल्या हत्तीवर समाधान नव्हतं. त्यांनी सिलोनहून खराखुरा हत्ती या किल्ल्यावर आणला, त्याला बिअरची चटक लागली आणि त्याची नखं आत युद्धसंग्रहालयात ठेवलेली आहेत. असईत किती मराठे पडले ते मात्र इथे कुठे लिहिलेलं नाही. या किल्ल्याच्या उपगव्हर्नरचा एक मुलगाही याच शहरातल्या हायस्कुलात शिकून पुढे आपल्याकडे आला: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याचा रेसिडेंट आणि मग मुंबईचा गव्हर्नर. ही सगळी यादी करत बसलात तर बोट चुकेल.

धाडकन तोफ उडते. शेजारच्या शाळकरी मुली किंचाळतात आणि हसतात, फोन वर होतात. चालू वर्षाचा मे महिना. ही तोफ १८६१ च्या जूनपासून, म्हणजे पेस्ली क्लोज कोसळण्याच्या काही महिने आधीपासून, रविवार वगळता दुपारी एकला उडते. ती शहरासाठी सुरूच झाली नव्हती. लीथच्या बंदरातल्या आणि फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना आपली घड्याळं लावता यावीत म्हणून ती होती. घड्याळ चुकलं की समुद्रात रेखांश चुकतो, मग खडक. ध्वनीला पोचायला वेळ लागतो म्हणून कुठल्या ठिकाणी किती सेकंद वजा करायचे याचा वर्तुळं काढलेला नकाशाही छापला होता. तुमचं जहाज साउथ क्वीन्सफेरीपाशी नांगरलंय. तिथवर हा आवाज गेलाच तर अर्ध्या मिनिटाहून जास्त लागेल आणि डेकवर पोहणाऱ्यांपैकी कुणाला तो ऐकू येणार नाही.

आता जेवा. कलन स्किंक मागवा, धुरावलेल्या हॅडॉक माशाचं दूध-बटाटा घातलेलं सूप. पाव बरोबर येतो, मसाल्याची आशा ठेवू नका. मग हवं तर ती सरळ रस्त्यांची वस्ती बघा, ह्यूम गेला ती. साडेतीनपर्यंत मन भरेल.

वेव्हर्लीहून डालमेनीची लोकल पकडा, तिथून पायऱ्या उतरून हॉज धक्क्यावर. डोक्यावर फोर्थचा लाल रेल्वेपूल, १८९० चा, अर्धा पाऊस आणि अर्धं ऊन अंगावर घेतलेला. बोटीची रांग लांब असेल तर समोरच्या हॉज इन या जुन्या सराईकडे बघा. स्टीव्हन्सनच्या 'किडनॅप्ड'मध्ये १७५१ साली डेव्हिड बाल्फोर नावाच्या पोराला त्याचा काका इथेच आणतो, फसवून जहाजावर चढवतो आणि अमेरिकेत गुलामीत विकायला रवाना करतो. त्या जहाजावर डेव्हिडला तळाच्या अंधाऱ्या कोठीत टाकतात. तुम्ही सहाव्या डेकवरच्या खोलीचे पैसे आधीच भरलेत, आठव्यावर खिडकी होती पण महाग होती, आणि तुमचा बिछाना नीट करणारा मुलगा पाण्याच्या पातळीखाली कुठेतरी झोपतो. कार्ड हातात तयार ठेवा, बोट लागतेय.